माझ्या बहिणीचं नाव मी छापलं

विद्यापीठातला सार्वजनिक धोरणाचा आमचा विभाग, त्याला सगळे स्कूलच म्हणतात. योजना कागदावरून माणसापर्यंत का पोचत नाहीत, कायदा करताना कुणाला विचारतात आणि कुणाला विचारत नाहीत, असलं तिथं शिकवतात. मी तिथंच एम.ए. केलं आणि तिथंच कामाला लागले. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी कुणी न विचारताही सांगते. लोकांना बढाई वाटते. वाटू दे.

दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे मालक, मला चिडवायचे. "एवढी शिकली, अन् परत शाळंतच जाऊन बसली. नापास झालती का काय बे?" मलाही ते 'बे' म्हणायचे. मी त्यांना लहानपणापासून भाऊच मानत आले.

स्कूलचं बातमीपत्र जुळवायचं काम माझ्याकडं होतं. कोण पाहुणे येऊन गेले, कुणाचा निबंध कुठल्या परिषदेत वाचला गेला, अर्थसंकल्पावर चर्चा झाली, आवारात झाडं लावली. प्रत्येक बातमीत निवृत्त अधिकाऱ्यांची नावं पदव्यांसकट छापायची. एखाद्या नावात एखादं अक्षर कमी पडलं तर फोन यायचा.

पावसाळ्यात आमचे विद्यार्थी आणि विभागप्रमुख मॅडम बीड जिल्ह्यात गेले. तालुक्याच्या सभागृहात ऊसतोड करणाऱ्या बायांचं म्हणणं ऐकायचं होतं. बाया गोळा करायचं काम माझ्यावर आलं, कारण मी तिथली. तलवाड्याच्या बाजूला आक्काचं सासर. आक्का आणि दाजी लग्न झाल्यापासून ऊस तोडायला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. आमच्याकडं माणसं अशीच मोजतात. टोळी नेणारा मुकादम म्हणतो, यंदा माझ्याकडं एवढे कोयते, म्हणजे तेवढी जोडपी. एकटा माणूस अर्धा कोयता, त्याला कुणी सहज घेत नाही.

आक्का त्या दिवशी बोलली. मला वाटलं होतं ती लाजेल. ती उभी राहिली, पदर खोचला, आणि मागच्या हंगामातलं सगळं सांगितलं. शेजारच्या कोपीतली, म्हणजे फडावरच्या पाचटाच्या खोपटातली, बाई दिवस भरलेली होती. सकाळपासून कळा येत होत्या. दवाखाना लांब, आणि फडावर वाहन एकच, उसाचा ट्रॅक्टर. मुकादम म्हणाला, गाडी भरल्याशिवाय ट्रॅक्टर हलणार न्हाई. मग त्या बाईचा नवरा, दाजी, आक्का, सगळेच मोळ्या वाहायला लागले. गाडी भरायला दुपार झाली. बाईला ड्रायव्हरच्या शेजारी बसवली. वाटेतच बाळंत झाली. पोर जितं होतं, थोडा वेळ.

"आमी तिला धरून बसायचं सोडून मोळ्या भरत हुतो," आक्का म्हणाली. "लवकर भरंल म्हणून."

मॅडमनी चष्मा काढला. मला रडू आलं नाही. मला अभिमान वाटला, हे खरं सांगते. माझी चौथी शिकलेली बहीण बोलत होती आणि आमच्या स्कूलमधली, इंग्रजी शाळेत शिकलेली पोरं मान खाली घालून लिहून घेत होती.

बातमीपत्राला मी तेच पहिल्या पानावर घेतलं, आक्काच्या फोटोसकट. मॅडमनी मसुदा वाचला आणि म्हणाल्या, "नाव बदल. गावही काढ. फोटो पाठमोरा टाक. आपला नियम आहे."

"कुणासाठी नियम आहे मॅडम?"

"तिच्यासाठीच."

मी ऐकलं नाही. मी म्हणाले, त्याच अंकात चहा पिऊन गेलेल्या साहेबांचं नाव तीन ओळींचं आहे. खरं बोलली ती बाई, तर ती नुसती 'एक महिला मजूर'? आमच्या माणसांना नाव नसतं का? मॅडम म्हणाल्या, "तिला विचार. तिची संमती असेल तर."

मी आक्काला फोन लावला. ती हसली. "छाप की. माझं नाव कुठं छापून आलंय? लग्नपत्रिकंत आलतं, तेबी चुकीचं." संमतीच्या कागदावर तिनं सही केली. ती सही तिला मीच शिकवली होती, मी नववीत असताना. मॅडमना कागद दाखवताना मी जिंकल्यासारखी उभी होते.

अंक निघाला त्याच दिवशी मी तो घरच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'आपली आक्का.' दाजींनी तो गावात पन्नास जणांना पाठवला असेल. चहाच्या टपरीवर फोन हातोहात फिरला. "बघ बे, विद्यापीठात माझी बायको," म्हणायचे.

मुकादमाचं नाव आम्ही कुठंच छापलं नव्हतं. पण आक्काचं नाव आणि गाव छापलं, की ती कुणाच्या टोळीत जाते हे सांगायची गरजच राहत नाही. गावातल्या शेंबड्या पोरालाही ते ठाऊक असतं. मला ठाऊक नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. ठाऊक होतं, पण डोक्यात आलं नाही. डोक्यात फक्त पहिलं पान होतं.

दसऱ्याच्या आधी मुकादम घरोघरी फिरून कोयते पक्के करतो. त्या वर्षीही फिरला. आक्काच्या दाराशी थांबला नाही. मोटारसायकल हळू केली, दाजींनी रामराम केला, त्यानंही केला, आणि पुढं गेला. भांडण नाही, शिवी नाही. दाजी दिंद्रुडच्या दुसऱ्या मुकादमाकडं गेले. तो म्हणाला, "तुमचं माणूस बोलतंय लई. आमाला कारखान्यावर जायचं असतंय, मुंबईला सायबांपुढं न्हाई." तिसऱ्यानं फोनच उचलला नाही.

मग आठ दिवसांनी निरोप आला. आक्कानं मला फोनवर सांगितला तेव्हा तिचा आवाज अगदी सपाट होता. मुकादम दाजींना न्यायला तयार होता. कोयता पुरा पाहिजे, पण बाई नको. पोरगी चालेल.

पोरगी म्हणजे माझी भाची. दहावीत होती. अभ्यासाची वही माझ्यासारखीच मागच्या पानापासून लिहायची. कशाला तर म्हणे, मावशी करायची.

"दाजी काय म्हणतात?"

"त्ये काय म्हणत्याल? एक हंगाम म्हणत्यात. एका हंगामानं काय हुतंय म्हणत्यात." मग म्हणाली, "एकदा फडावर गेली की पोरगी परत शाळंत येत न्हाई. मग तिचं लगीन लावत्यात, तिचा निराळा कोयता हुतोय. तुला म्या सांगायचं?"

मी मॅडमकडं पळत गेले. त्या म्हणाल्या, आपण कलेक्टरांना पत्र लिहू, महिला आयोगाला कळवू, वर्तमानपत्रात देऊ. त्यांना खरंच काळजी वाटत होती. मी आक्काला सांगितलं. ती ओरडली. मला आयुष्यात ती पहिल्यांदा ओरडली. "काय लिहू नको आता! लई लिहिलंस. तू इकडं ये."

मी गेले. घरात कुणी मला टाकून बोललं नाही. दाजींनी मला 'बे' म्हटलं नाही, 'तुमी' म्हणाले. त्या एका शब्दानं मला कळलं मी किती लांब गेलते. भाची चुलीपुढं बसून भाकरी थापत होती. तिनं मला काही विचारलं नाही. शाळेचं दप्तर खुंटीला होतं.

आक्कानं सगळं आधीच ठरवलं होतं. "चल त्याच्याकडं. मी म्हणन, मी तसं बोलले न्हाई. तू म्हण, तूच वाढवून लिहिलंस."

"आक्का, सगळ्यांनी ऐकलंय तुला."

"शहरातल्यांनी ऐकलंय. त्ये काय इकडं याया लागलेत व्हय?"

मुकादमाच्या ओट्यावर टोळीतली दहा-पंधरा माणसं बसली होती. बायका भिंतीकडेला. मुद्दाम बोलावली होती का नेहमीचीच बसलेली, माहीत नाही. मुकादम उठून उभा राहिला, मला खुर्ची दिली. स्वतःच्या मुलीला चहा टाकायला सांगितला. नारायणगडाचा अंगारा कपाळाला, बोलणं मऊ.

"बोला ताई. तुमी शिकल्या-सवरल्याल्या. आमाला काय कळतंय?"

आक्का म्हणाली, "भाऊ, मी तसं काय बोलले न्हाई. हिनं लिहिलंय."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी आयुष्यात परीक्षेत कधी दुसऱ्याचं बघून लिहिलं नाही, नोकरीत कुणाची खोटी सही केली नाही, आणि हे मी फार अभिमानानं सांगत आलेली बाई. मी म्हणाले, "हो. मीच वाढवून लिहिलं. तसं झालं नव्हतं."

"मग ट्रॅक्टरचं?"

"ते पण मीच."

तो हसला. "काहून गं ताई? आमची इज्जत गेली की. कारखान्यातून इचारणा झाली." मग भिंतीकडं वळून म्हणाला, "तूच सांग की गं. तुझं काय झालतं?"

तेव्हा मला कळलं, ती बाई तिथंच बसली होती. सभागृहात ती आली नव्हती, मी तिला कधी पाहिलं नव्हतं. वीस-बावीसची असेल. तिनं मान वर केली नाही.

"मेल्यालंच झालतं," ती म्हणाली. "पोटातच गेलतं."

मुकादम म्हणाला, "बगा." आणि आक्काला म्हणाला, "तयारीत ऱ्हावा मग. दसऱ्याच्या तिसऱ्या दिवशी गाडी." चहा आला. तो आम्हाला प्यावा लागला.

निघालो तेव्हा ती बाई नळापाशी घागर लावून उभी होती. आक्का पुढं चालत होती. बाईनं मला हळूच विचारलं, "तुमच्या शाळंच्या कागदात माज्या बाळाचं लिहिलंय म्हणं."

"हो."

"आता काडून टाकणार?"

मी मान हलवली.

"काडायच्या आदी मला एक कागद द्या की. मला वाचता येत न्हाई. नुस्ता ठिवीन." घागर भरून वाहायला लागली तरी तिनं काढली नाही. "दवाखान्यात नोंद न्हाई, गावात न्हाई. मालक म्हणतो इसर. कुठंच न्हाई बगा त्ये दुसरीकडं."

माझ्या पिशवीत अंक होता, छापलेला, घडी घालून. आक्कासाठी आणला होता. मी आक्काच्या पाठीकडं पाहिलं. आत्ताच खोटा म्हटलेला तो कागद मीच तिला दिला, हे मुकादमाच्या ओट्यावर कळलं असतं तर सगळंच मोडलं असतं. आणि कळलं नसतं कशावरून?

"आणला नाही," मी म्हणाले.

ती "बरं" म्हणाली आणि घागर उचलली.

सोमवारी मी मॅडमना सांगितलं, ती बातमी काढा, माहिती चुकीची होती. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. त्यांना कळलं असावं. त्यांनी वेबसाइटवरून अंक काढला. नवा टाकला त्यात पहिल्या पानावर वृक्षारोपण आलं, कुलगुरूंच्या हातात झारी. उरलेल्या छापील प्रतींचं बंडल मी स्वतः रद्दीच्या खोलीत नेऊन ठेवलं. घडी घातलेली ती एक प्रत माझ्या कपाटात आहे.

आक्का गाडीत बसून गेली. भाची आजीजवळ राहिली, शाळेत जाते, सराव परीक्षेचे मार्क मला पाठवते. मी शाबास लिहिते.

परवा आक्काचा फडावरून फोन आला. ऊस आडवा पडला आहे, उसाला पाणी जास्त आहे, हात सुजले आहेत, असं काहीबाही. मग म्हणाली, यंदाबी ती शेजारच्याच कोपीत आहे. परत दिवस गेलेत तिला, सातवा असेल.

मी विचारलं, "तिथून दवाखाना किती लांब आहे?"

पलीकडून ट्रॅक्टरचा आवाज येत होता. आक्का म्हणाली, "तू इचारू नको. तू इचारलं की मग लिहितेस." आणि फोन ठेवला.