ॲपला दिलेलं खोटं उत्तर

कोरोनाच्या त्या उन्हाळ्यात घरोघरच्या तपासणीसाठी वापरलं जाणारं मोबाइल ॲप आमच्या टीमनं बनवलं होतं. 'घरात कोणाला ताप आहे का?' हा त्यातला पहिला प्रश्न मीच लिहिला होता. एका सकाळी वारज्यातल्या आमच्या दारात आरोग्यसेविका फोन घेऊन उभी राहिली आणि तिनं तोच प्रश्न मला विचारला. आईला दोन दिवस ताप होता. पण इमारत सील करतील, आईला एकटीला घेऊन जातील, या भीतीनं मी म्हणालो, "नाही."

"बरं झालं, तुम्ही सरळ सांगितलंत. लोक खरं सांगत नाहीत हो," असं म्हणत तिनं 'नाही'वर बोट टेकवलं.

आई घरीच बरी झाली. पण आमची भाजी रोज वर आणून देणारे वॉचमनकाका आजारी पडले आणि तीन आठवडे दवाखान्यात राहिले. परत आले तेव्हा दोन पायऱ्या चढूनच त्यांना धाप लागत होती. मला पाहून त्यांनी विचारलं, "साहेब, आई बऱ्या हाईत ना?"

"हो," एवढंच मी म्हणालो. आजार त्यांना आमच्याच दारातून लागला असेल, हे सांगायचा धीर मला आजवर झालेला नाही.