टकटकीची झोप

माझ्या माडीवर दोन वर्षांपासून भाड्याने राहणाऱ्या मुलीला मी टकटकी म्हणते. डोळे सताड उघडे, नजर मोबाइलवर, लक्ष कुठेच नाही. विद्यापीठात संख्याशास्त्र शिकते. हुशार आहे, निदान आली तेव्हा होती. या सत्रात तिने माझ्या चहात मीठ घातले आणि तीन तारखेला ती एका पायात चप्पल घालून जिन्यावरच झोपली. डायरीत नोंद आहे. मी रात्री चार वेळा उठते, तेव्हा तिचा दिवा चालू दिसतो. त्याच्याही वेळा आहेत.

तिच्या विद्यापीठाचे शहाणपण तर उतू चालले आहे. गृहपाठ रात्री अकराला मोबाइलवर टाकायचा, सकाळी सातला परत मागायचा आणि मुले झोपत नाहीत म्हणून 'निद्रा-स्वास्थ्य कक्ष' उघडायचा. आपणच आग लावायची, आपणच बंब घेऊन धावायचे! कक्षाने प्रत्येकाच्या मनगटावर झोप मोजणारे घड्याळ बांधले. झोप सात तासांहून कमी भरली की तासाभराचा व्हिडिओ सक्तीचा. विषय : पडद्यापासून दूर राहा.

दुसऱ्याच आठवड्यात टकटकी घड्याळ घेऊन खाली आली.

"आजी, हे रात्री तुम्ही घालाल?"

"म्हणजे झोपायचं मी आणि शाबासकी तुला?"

"तुम्ही तशाही नऊला झोपताच ना! व्हिडिओचा तास तरी वाचेल माझा."

मीही मूर्ख. घातले.

दोन महिन्यांनी, परीक्षा तोंडावर आली असताना, पोरगी एकच ओळ वीसदा वाचून रडू लागली. डॉक्टरांनी पंधरा दिवस सक्त विश्रांती सांगितली. परीक्षा बुडली तर वर्ष बुडणार, म्हणून तिने ती पुढे ढकलण्याचा अर्ज केला. कक्षाचे उत्तर आले : 'आपली झोप आदर्श आहे. अर्ज नामंजूर. अभिनंदन!'

मी डायरी काखेत मारली, टकटकीला बखोटीला धरले आणि कक्ष गाठला. तिथल्या बाई गोड हसल्या.

"आजी, यंत्र खोटं बोलत नाही हो."

"नाहीच बोलत. पण मनगट माझं होतं."

"आजी!" टकटकी पुटपुटली.

"गप्प बस. अहो बाई, वीस वर्षांची पोर रात्री चारदा बाथरूमला जाते आणि पाचला टुणकन उठून बसते, याचं तुम्हाला नवल नाही वाटलं?"

बाईंनी संगणकात डोकावून पाहिले. "सरासरी चांगली होती..."

"संख्याशास्त्र तुमच्याच विद्यापीठात शिकवतात ना?"

मी डायरी उघडून पुढे सरकवली. दिवा चालू, १.४०. दिवा चालू, ३.१०. दिवा चालू, ४.२५. पानामागून पान तेच. बाई बराच वेळ चाळत राहिल्या. मग म्हणाल्या, "हे अपलोड कसं करायचं?"

"वाचायचं. डोळ्यांनी."

शेवटी परीक्षा महिनाभर पुढे गेली. फसवणुकीची शिक्षा म्हणून तोच व्हिडिओ बारा वेळा बघायचा. थकलेल्या मुलीला बारा तास पडदा! त्या कक्षाच्या अकलेची खरोखर दृष्ट काढायला हवी.

तिचा मोबाइल आता माझ्या टेबलावर, भिंतीकडे तोंड करून चालू आहे. भिंत मन लावून ऐकते आहे. दुपारी चारला मी माडीवरच्या दाराला कान लावला. टकटकी घोरत होती. वेळ लिहून ठेवली.