जवळून काढलेले फोटो

परवा एका हळदीला कॅमेरा घेऊन गेलो आणि ओल्या हळदीच्या वासासरशी मला पंधरा वर्षांपूर्वीचं, विरारजवळच्या होळी नावाच्या गावातलं एक अंगण आठवलं.

तेव्हा मी माझ्या गावाहून येऊन विरारला, मनवेलपाड्यात एकटाच राहत होतो. दिवसदिवस कोणाशी बोलणं होत नसे. लग्नाचे फोटो नुकतेच काढायला लागलो होतो, पण लोकांत शिरायची भीती वाटायची. लांबून काढलेल्या माझ्या फोटोंत पाठीच जास्त यायच्या. "असंच चाललं तर पुढचं काम नाही," असं स्टुडिओच्या मालकांनी बजावलं होतं.

त्या अंगणातही मी केळीच्या आड उभा होतो. नवरीची काकू थेट माझ्याकडे आली. "लांबून काय काढतोस? आमचाच ना तू?" म्हणत तिने माझ्या दोन्ही गालांना हळद फासली आणि हात धरून मला बायकांच्या घोळक्यात बसवलं. तिचे हात गार होते. कितीतरी महिन्यांनी कोणीतरी मला मायेने हात लावला होता. त्या दिवशी मी हातभर अंतरावरून हसरे, रडवेले चेहरे टिपले.

महिन्याभराने अल्बम द्यायला मुद्दाम स्वतः गेलो. काकूच दारात होती.

"कोन रे तू?" तिने विचारलं.

"फोटोवाला," मी म्हणालो.

तिने उभ्याउभ्याच पानं उलटली. "किती जवळून काढलेत रे!" ती हरखून म्हणाली आणि अल्बम घेऊन आत गेली.

तेव्हा मला तिचा राग आला होता. आज कळतं, हळदीच्या दिवशी तिने अंगणातल्या प्रत्येकालाच आपलं म्हटलं होतं. तेवढ्या शब्दावर घर बांधणारा मी एकटाच होतो.