रुपयाएवढा थर

एटापल्ली तालुक्यातल्या पोस्टवर माझी बदली झाली तेव्हा घरी आनंद झाला. भद्रावतीचा पोरगा, अर्धी नोकरी देशाच्या टोकाला काढली, आता बाजूच्याच जिल्ह्यात आला. बाजूचा म्हणजे नकाशावर. पावसाळ्यात नाला भरला की रपटा, म्हणजे नाल्यावरचा बुटका पूल, पाण्याखाली जायचा, रेशन पलीकडे आणि आम्ही अलीकडे. घरी फोन करायचा तर वॉच टॉवरवर चढावं लागे, तेही रेंज असली तर.

मी केंद्रीय दलात आर्मोरर होतो. हत्यारांची देखभाल हे माझं काम. आयटीआयचा फिटर असल्यामुळे हाताला सवय होती. लिहायला बसलो की शाळेतली मराठी येते, बोलताना मले-तुले. हसायचं त्यानं खुशाल हसावं.

पोस्टवरचा दिवस ठरलेला असे. पहाटे स्टँड-टू, म्हणजे सगळे हत्यार घेऊन मोर्च्यात सज्ज, मग रोलकॉल, मग एक पार्टी रस्ता तपासायला बाहेर. पार्टी परतली की हत्यारं कोतमध्ये, म्हणजे आमच्या शस्त्रागारात जमा. प्रत्येक बॅरलमधून चिंदी लावलेली दोरी ओढायची, चिंदी पांढरी निघेपर्यंत. नळी उजेडाकडे धरली की आत चकाकलं पाहिजे, काजळीचा ठिपका चालत नाही. मग पोस्ट कमांडरला ओके रिपोर्ट.

पोस्ट कमांडर होते इन्स्पेक्टर घाडगे. साताऱ्याकडचे, मोजकं बोलणारे. एवढ्या जवानांत मराठी बोलणारे आम्ही दोघंच. संध्याकाळी मोर्च्यामागे वाळूच्या पोत्यांवर बसून ते पाइप ओढायचे. पाइप त्यांच्या वडिलांचा, वडील फौजेत सुभेदार होते. मी तंबाखूला हात लावत नव्हतो, पण तिथं जाऊन बसायचो. घरच्या भाषेत दोन शब्द कानावर पडले की बरं वाटायचं. धुरानं डास पळतात असं साहेब म्हणत. मी म्हणायचो की साहेब, इथले डास धूर पिऊनच मोठे झाले. त्यावर ते नुसतेच हसत.

एकदा पाइप तुंबला. साहेबांनी तो माझ्याकडे दिला, सोबत बोटाएवढा रीमर. त्याला पाती असतात, पाइपच्या वाटीत घालून फिरवला की आतली काजळी खरवडून निघते. "जरा साफ कर," एवढंच म्हणाले.

आता आर्मोररला काजळी दाखवून 'जरा' म्हणणं म्हणजे काय ते तुम्हीच सांगा. मी लाकूड दिसेपर्यंत रीमर फिरवला, स्पिरिटनं पुसलं, दांडीतून तार काढली, वाटी उजेडाकडे धरली. लख्ख. छाती फुगवून ओके रिपोर्ट दिला. साहेबांनी वाटीत पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि पोत्यावर बसले.

"मेश्राम, तू माझ्या वडिलांना खरवडून काढलंस की रे."

ते रागावले नाहीत, रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी समजावून सांगितलं की रायफलीत काजळी वैरी, पण पाइपात तीच लाकडाचं चिलखत असते. तिच्याशिवाय वाटी जळते. थर रुपयाच्या नाण्याएवढा जाड हवा. त्याहून वाढला तर तापून फुगतो आणि लाकूड तडकतं. म्हणून रीमर हलक्या हातानं फिरवायचा, वरचं जास्तीचं तेवढं काढायचं.

मग आम्ही नवा थर धरायला घेतला. गावातल्या एका माडिया म्हाताऱ्याकडून जंगलातला मध आणला. तो बोटानं वाटीत आतून पुसायचा, अर्धीच वाटी तंबाखू भरायची, हळू ओढायचं, थंड होऊ द्यायचं. साहेब ओढायचे आणि रविवारी तपासणी माझी. हिवाळा गेला, उन्हाळा गेला, थर हळूहळू धरत गेला. त्या काळात साहेब घरचंही बोलू लागले. बायकोला, म्हणजे आमच्या वहिनींना, धुराचा वास आवडत नाही, सुट्टीवर गेलो की गच्चीवर पिटाळतात, असं सांगून स्वतःच हसायचे. माझी बायको त्याच्या आदल्या वर्षी वारली होती. ते मी पोस्टवर फक्त त्यांना सांगितलं होतं.

पावसाळ्यात साहेबांना ताप आला. दोन दिवस ते पॅरासिटामॉल घेऊन ड्युटी करत राहिले. तिसऱ्या दिवशी रोलकॉललाच पाय लटपटले. फार्मासिस्टनं बोट टोचून तपासलं, मलेरिया निघाला, वाईट जातीचा. गोळ्या दिल्या, इंजेक्शन दिलं. सकाळ सरता सरता साहेब असंबद्ध बोलू लागले. रेडिओ ऑपरेटरनं हेलिकॉप्टर मागितलं. उत्तर आलं, "मौसम खराब. नहीं उडेगा. रोड से लाओ. ओव्हर."

रोड पाण्याखाली होता.

बाजेला बांबू बांधले, वर ताडपत्री धरली आणि निघालो. चौघं खांद्यावर, बाकीचे दोन्ही बाजूंनी हत्यार घेऊन. नाल्यावर पोचलो तर रपटा दिसतच नव्हता. पलीकडे अँब्युलन्स उभी होती, तिचा लाल दिवा दिसत होता. गावातली माणसं डोंगा घेऊन आली, पण पाणी थोडं उतरल्याशिवाय घालता येणार नाही म्हणाली. ती पाण्याची माणसं, त्यांचं ऐकणं भाग होतं. बसलो. एवढा असहाय मी गोळीबारातही झालो नव्हतो.

तिथं साहेब मध्येच शुद्धीवर आले. हात खिशाकडे गेला. पाइप माझ्या पाऊचमध्ये होता, आदल्याच दिवशी साफ करायला दिला होता. मी तो त्यांच्या हातात ठेवला. पावसात पेटणार कसा? त्यांनी तसाच तोंडात धरला.

"थर किती झाला?"

"रुपयाएवढा होत आला, साहेब."

"आता जास्त खरवडू नको."

"नाई साहेब."

दुपारी डोंगा पलीकडे लागला. साहेबांनी अँब्युलन्समध्येच प्राण सोडला, एटापल्लीच्या अलीकडेच. मी सोबत होतो.

आमच्याकडे रीत आहे. गेलेल्याचं सामान घरी जातं ते इन्स्पेक्शनला जावं तसं. वर्दी धुऊन इस्त्री, बूट पॉलिश, सगळं स्वच्छ. हवालदार मेजरनं पाइप माझ्याकडे दिला, साफ करून पॅक कर म्हणाला. मी कोतमध्ये गेलो, दार लावलं, रीमर हातात घेतला. वाटीत अर्धवट जळलेली तंबाखू तशीच होती. मी रडलो. मग रीमर आणि पाइप कापडात गुंडाळून साहेबांच्या पेटीत ठेवले.

"साफ है?" हवालदार मेजरनं विचारलं.

"साफ है, सर."

आयुष्यात खोटा ओके रिपोर्ट मी तेवढा एकच दिला. पोस्टवर एक दगड आहे, त्यावर गोळीनं गेलेल्यांची नावं आहेत. तापानं गेलेल्याचं नाव तिथं लिहीत नाहीत. मले ते तेव्हा पटलं नाई, आजही पटत नाई.

आता मी रिटायर आहे. भद्रावतीला दोन खोल्या आहेत, पोरगा पुण्याला असतो. पोस्टकडच्या त्या रस्त्यानं आता सूरजागडच्या खाणीचे ट्रक धावतात आणि नाल्यावर पूल झाला आहे. पुलावरून एकदा एस.टी.नं गेलो, परत गेलो नाही.

गेल्या वर्षी वहिनींचा फोन आला. इतक्या वर्षांनी आवाज ओळखू आला नाही. त्या म्हणाल्या की पाइप कोरडा पडलाय, आतून खपल्या गळायला लागल्या आहेत. एका दुकानात दाखवला, तर दुकानदार म्हणाला सगळं खरवडून नव्यासारखा करून देतो.

"मी घाबरून परत घेऊन आले, मेश्राम भाऊ. यांचा म्हणून एवढाच वास राहिलाय."

"बरं केलं वहिनी. कोणाले हात लावू देऊ नका. माझ्याकडे पाठवा."

कुरियरनं आला. त्याच कापडात, रीमरसकट. वाटीत पाहिलं तर बराचसा थर लाकडाला धरून होता, वरच्या खपल्या सैल झालेल्या. त्या हलक्या हातानं काढल्या, मधाचं बोट फिरवलं. पण थर जगवायचा तर पाइप ओढावा लागतो, त्याला दुसरा इलाज नाही. वहिनींना तसं सांगितलं, तर म्हणाल्या, मग तो तुमच्याकडेच राहू द्या. या वयात मी पहिल्यांदा तंबाखू पेटवली आणि इतका खोकलो की शेजारीण पाणी घेऊन आली. भाऊ, म्हातारपणी हा कोणता शौक, म्हणाली.

तेव्हापासून महिन्यातून एका रविवारी संध्याकाळी गच्चीवर बसतो. अर्धी वाटी ओढतो. थंड झाला की रीमर फिरवतो, आणि जे निघतं ते वरचं, माझं असतं. साहेबांचं खाली लाकडाला लागून आहे, तिथवर मी पातं जाऊ देत नाही.

मग वहिनींना फोन लावतो. त्या पहिल्याच रिंगला उचलतात.

"वहिनी, थर रुपयाएवढा," मी सांगतो. "ओके रिपोर्ट."