मुळांना दात नसतात

बुळकांडीच्या साथीनं आमचा भरला गोठा एका उन्हाळ्यात रिकामा केला. जनावरं नाहीत म्हणून शेण नाही, शेण नाही म्हणून खत नाही. वसमतजवळच्या आमच्या मळ्यात पुढच्या वर्षीची हळद आम्ही नवरा-बायकोनं तशीच लावली. कंदात शिदोरी होती तोवर रोपं जोमानं वाढली. ती संपली, आणि भर पावसाळ्यात पानं पिवळी पडू लागली.

मी लेकरू मांडीवर घेऊन बांधावर बसले होते. शेजारच्या मळ्यात एक मुसलमान बाई शेरडं राखायच्या, थोडी मिरची लावायच्या. सगळं गाव त्यांना खाला म्हणायचं.

"काहून गं बेटी, पिकाकडं पाठ करून बसलीस?"

"बघवत न्हाई, खाला. पीक उपाशी हाय."

"मग माझ्याकडच्या लेंड्या ने की!"

आम्ही दोघांनी टोपल्या भरभरून लेंड्या आणल्या, सरीत पसरल्या. पण पिवळेपणा काही हटेना. खाला बघायला आल्या, एक लेंडी उचलून त्यांनी बोटांत दाबली. ती टणकच होती.

"तुझं लेकरू भाकर खातं का?"

"न्हाई. अजून अंगावर पितंय."

"मूळबी पितंच, बेटी. त्याला दात न्हाईत. मातीत कुजून पातळ व्हईल तवा त्याच्या पोटात जाईल. तेवढी सवड हळदीला न्हाई. तूच पातळ करून दे."

उरलेल्या लेंड्या आम्ही कुटून रांजणात भिजत घातल्या. रोज काठीनं ढवळायचं. वास असा, की घरधनी आधी नाकाला उपरणं लावून लांब उभे राहिले. मग तेच तांब्या घेऊन पुढं झाले. पावसानं उघडीप दिली तसं बुडाबुडाशी ओतत गेलो. जुनी पानं पिवळीच राहिली, पण मधून निघालेली नवी सुरळी हिरवीगार होती. मी तिला नुसता हात लावून बघितला आणि मला रडू आलं.

हळद काढली, शिजवली, वाळवली. पहिलं सूप भरून मी खालांकडे गेले. त्यांची मिरची गुडघ्यालाही लागत नव्हती.

"खाला, तुमी मिरचीला काय घातलं?"

त्यांनी हळद पदरात घेतली.

"घालीन की पुढल्या साली. बकऱ्या काय हगायच्या थांबल्यात?" म्हणाल्या, आणि पोटभर हसल्या.