घरचे मागून

"तुमी बसा. आमी घरचे, आमी मागून," असं म्हणत आप्पा सदऱ्याच्या बाह्या वर सारायचे आणि वरणाची बादली उचलायचे. मग लग्न कुणाचंही असो. मंत्री झाल्यावरही त्यांचा हा शिरस्ता मोडला नाही. पुढे मंत्री वाढायचे आणि मागे त्यांचा बंदूकवाला पोलीस, पाय कुठे ठेवावा या चिंतेत, पंगतीतून वाट काढायचा.

मी परभणी जिल्ह्यातल्या पालमचा वार्ताहर. एका लग्नात त्यांना सरकारचं काहीतरी विचारायला गेलो, तर त्यांनी माझ्याच हातात मिठाचं ताट दिलं. "आधी हे वाढा, मग इचारा." बातमी राहिली. मी मीठ वाढून घरी आलो.

पुढारी तुम्हीही पुष्कळ पाहिले असतील. हा मला शेवटपर्यंत नीट उलगडला नाही, म्हणून लिहितोय.

सरपंच, आमदार आणि मग पाणीपुरवठ्याचे मंत्री, असा त्यांचा प्रवास. एकट्या म्हाताऱ्यांना रेशन घरपोच मिळावं म्हणूनही ते भांडले, पण खरं वेड नळाचं. घरात नळ आला की बाईचा अर्धा दिवस तिला परत मिळतो, हे त्यांचं एकच भाषण आम्हाला पाठ झालं होतं. मंत्र्याचं गाव पहिलं, हे अधिकाऱ्यांना सांगावं लागत नाही. ते नकाशा पसरून आप्पांच्या गावावर बोट ठेवायचे. आप्पा ते बोट धरून जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला न्यायचे आणि म्हणायचे, "हितून सुरू करा. आमी घरचे, आमी मागून."

त्यांचं गाव उंच माळावर. उन्हाळ्यात विहिरीचा तळ दिसायचा. एकदा मी त्यांच्या ओसरीवर बसलो होतो. सेलूकडच्या एका गावाची माणसं, नळ आला म्हणून, हार घेऊन आली होती. तेवढ्यात काकू, म्हणजे आप्पांच्या मंडळी, डोक्यावर घागर घेऊन अंगणात आल्या. हार घालणाऱ्याचा हात तसाच थांबला.

"समद्या जिल्ह्याला नळ दिले," काकू म्हणाल्या, "म्या काय पाप केलतं?"

"तू घरची हायस," आप्पा म्हणाले. उठून त्यांनी घागर उतरवून घेतली. हार त्या दिवशी घागरीच्या गळ्यात पडला.

पाहुणे गेल्यावर मी विचारलं, "आप्पा, हे तत्त्व म्हणायचं का हट्ट?"

"तुमाला काय वाटायलंय?"

"मला कळंना झालंय."

"मलाबी," ते म्हणाले. "तसंच छापा."

पुढच्या निवडणुकीत आप्पा पडले. त्यांना पाडण्यात त्यांचं स्वतःचं गाव सगळ्यात पुढे होतं. गावातला किराणा दुकानदार दारोदार हिंडून त्यांच्याविरुद्ध मतं मागत होता. तो मला म्हणाला, "किती दिस मागून, मागून? आमचं पान मांडलंच न्हाई त्यांनी." गावाची योजना कागदावरच राहिली आणि सरकार बदललं.

मला वाटलं, आप्पा चिडले असतील. गेलो तर शेंगा फोडत बसले होते. दुकानदार काय म्हणाला ते मी सांगितलं.

"दुकानदाराचं बरोबर हाय," ते म्हणाले. "पंगतीत मागून बसलं तरी चालतंय, पातेलं आपलंच असतंय. सरकारातलं पातेलं आपलं नसतंय. कवा उचलून नेतील, नेम न्हाई. हे मला लय उशिरा कळलं." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्याही आलं.

मग त्यांनी एक नवीन उद्योग सुरू केला. एसटीने परभणीला जायचं आणि पाणीपुरवठ्याच्या ऑफिसबाहेरच्या बाकावर बसून राहायचं. साहेब लाजून आत बोलवायचे, तर म्हणायचे, "बसतो की हितंच. आता मी मागणारा हाय. आता माझ्या गावासाठी मागायला लाज न्हाई." मंत्री असताना जे एका शब्दात झालं असतं, त्यासाठी हा माणूस उन्हातान्हात हेलपाटे घालत होता. हसावं की रडावं, मला समजेना. योजना पुन्हा निघाली, नळासाठी चाऱ्या खोदल्या गेल्या. पाइप गावाच्या वेशीपर्यंत आले आणि आप्पा गेले. छातीत कळ आली, दवाखाना गाठता आला नाही.

यंदा त्यांचं वर्षश्राद्ध झालं. तोवर घरोघरी नळ आले होते. सगळं गाव जेवायला होतं. वाढायला किराणा दुकानदार, बाह्या वर सारून, बादली घेऊन.

श्राद्धात, गेलेल्या माणसाचं पान आधी वाढायचं, ही रीत. गुरुजींनी काकूंना तसं सांगितलंही. काकूंनी मान हलवली.

"ते आधी बसायचे न्हाईत, गुरुजी."

गुरुजी आमच्याकडे बघायला लागले. पंगती बसल्या, उठल्या. आम्ही जेवलो, वाढपी जेवले, बाया जेवल्या. अंगण झाडून झालं. मग काकूंनी स्वतः एक पान वाढलं आणि पाट मांडला. दुकानदार नळाखाली तांब्या भरून घेऊन आला आणि खाली मान घालून त्याने तो पानाशेजारी ठेवला.

काकूंनी पदर सावरला. रिकाम्या पाटाकडे बघत म्हणाल्या, "झाले समदे जेवून. बसा आता."