सुताने मोजलेली मुलगी

माझ्या मुलीने जन्माआधी तीन आठवडे वाढायला साफ नकार दिला होता. निदान आमच्या घरच्या मोजणीप्रमाणे तरी.

कुसुमला, म्हणजे माझ्या बायकोला, सातवा लागला तेव्हा आम्ही प्रतापनगरात दोन खोल्यांत राहत होतो. डॉक्टरीणबाईंनी तिच्या पोटाला टेप लावला आणि बाळ जरा लहान वाटतंय, महिन्याने पुन्हा बघू, म्हणाल्या. आमचं पहिलं बाळ सातव्यातच गेलं होतं. त्यामुळे 'जरा लहान' एवढंच ऐकून मी उमरेडला आईकडे निरोप धाडला आणि दुसऱ्याच दिवशी आई एस.टी.ने हजर झाली.

आम्ही पिढीजात विणकर. (मी एकटा कारकून निघालो, ते दुःख आई येताजाता उगाळायची.) महिनाभर थांबणं आईला मंजूर नव्हतं. तिने पिशवीतून सुताची लडी काढली, दोरा कुसुमच्या पोटाभोवती फिरवला आणि टोक जिथे पोचलं तिथे गाठ मारली. आता दर सोमवारी हाच दोरा लावायचा. टोक गाठीपर्यंत पोचेनासं झालं की बाळ वाढलं. इतकं सोपं होतं.

सोमवार आला, टोक बरोब्बर गाठीवर. पुढच्या सोमवारीही तिथेच! आईने खुराक वाढवला: डिंकाचे लाडू, दुधात तूप आणि वरून आणखी तूप. कुसुमला उभ्याने स्वतःचे पाय दिसेनात, पण दोरा काही ऐकेना.

"आई, मले तं लय जड वाटून राहिलं," ती म्हणाली.

"ते तूप आहे वं," आई म्हणाली. "लेकरू नाही वाढून राहिलं."

तिसऱ्या सोमवारी दोरा मी हातात घेतला. आईची नजर अधू झाली असणार, अशी माझी समजूत. लहानपणी मीही मागावर बसलो होतो, मापाला पक्का! टोक गाठीवरच आलं. मग मात्र मी मोरीत जाऊन रडलो, खोटं कशाला सांगू. तोंड धुतलं, सायकलरिक्षा आणली आणि कुसुम, आई, दोरा व लाडवांचा डबा असा सगळा लवाजमा दवाखान्यात नेला.

डॉक्टरीणबाईंनी आमची कहाणी ऐकून घेतली, कुसुमच्या पोटावरचे दोऱ्याचे वळ पाहिले आणि आईपुढे एक उशी ठेवली. मोजा, म्हणाल्या. आईने मोजून नवी गाठ मारली. मग बाईंनी त्या उशीवर दुसरी उशी ठेवली. आता मोजा. आईने दातओठ खाऊन दोरा ओढला, दोन्ही उशा करकचून आवळल्या आणि टोक थेट त्याच गाठीवर आणलं! मला हसू फुटलं, म्हणून बाईंनी दोरा माझ्या हातात दिला. माझंही तेच झालं.

मागावर प्रत्येक लुगड्याचा पन्हा सारखाच यावा लागतो, नाहीतर घराण्याची बेइज्जती. त्यामुळे दोरा हातात आला की आमचे हात त्याला जुन्या मापावर आणल्याशिवाय सोडत नाहीत. मध्ये कापड आहे, उशी आहे की नातवंड, याच्याशी हातांना देणंघेणं नसतं.

बाईंनी स्वतः टेप लावला. "बाळ छान वाढतंय," त्या म्हणाल्या. "आता त्याच्या आईला श्वास घेऊ द्या."

दिवस भरले आणि मुलगी झाली, चांगली नऊ पौंडांची. तिच्या रडण्याने वॉर्ड दणाणला आणि मला इतका आनंद झाला की मी नर्सच्याच पाया पडलो. आईने मला कोपऱ्यात घेतलं.

"वजन कोणाले सांगू नको गा. नजर लागते."

मी मान डोलावली. संध्याकाळपर्यंत पानवाल्यापासून घरमालकापर्यंत सगळं प्रतापनगर पालथं घातलं. पण आईचा शब्द मोडला नाही. खरं वजन मी कोणालाच सांगितलं नाही. दर घरी अर्धा पौंड वाढवत गेलो. घरमालकाच्या दारात पोचेपर्यंत मुलगी तेरा पौंडांची झाली होती.